भाऊबीज, भाचा आणि बंदुकीचा रंग

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा. घरात कॉलेजला जाणारं पोरगं असेल तर मात्र वेळ काढाच.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज. सकाळी आठच्या गाडीनं ताईकडे निघालो. यंदा दिवाळीत कुणाच्याच तोंडाला चव नव्हती. सप्टेंबरच्या पावसानं आमच्या भागातलं सोयाबीन पाण्यात उभं राहून सडलं. दाजींचं साडेतीन एकर त्यातच गेलं. महिनाभर मी पंचनाम्यांच्या बातम्या करत होतो आणि स्वतःच्या बहिणीच्या रानात उभं राहायला मला सवड मिळाली नव्हती. म्हटलं, निदान ओवाळून घ्यायला तरी वेळेवर जाऊ.

ताई ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दिवाळीत तिच्याकडे रांग असते. मी पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं, दाजी अंगणात पेपर वाचत होते (आमचा नाही, दुसरा), आणि भाचा आतल्या खोलीत मोबाइल हातात धरून भिंतीकडे बघत बसला होता. डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेला, आता तिसऱ्या वर्षात. हुशार पोरगा. लग्नाचे फोटो दुरुस्त करून देऊन स्वतःचा खर्च भागवतो. एरवी मामा आला की आधी बॅग उघडतो, काय आणलं बघतो. त्या दिवशी उठलासुद्धा नाही.

मला वाटलं, पोरीचं काहीतरी असणार. विचारलं तर म्हणाला, "मामा, मार्केट पडलं."

मी म्हटलं, "शेअर घेतलेत का रे?"

"शेअर नाही. चाकू."

मी पंचवीसेक वर्षं बातमीदारी करतोय. खून, अपघात, जिल्हा परिषद, सगळं लिहिलंय. पण 'चाकूचं मार्केट पडलं' हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

मग दार लोटून त्यानं मला सांगितलं ते असं.

'काउंटर-स्ट्राइक' नावाचा एक खेळ आहे. कॉम्प्युटरवर खेळतात. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, बंदुका घेऊन. आपल्या गावाकडची बहुतेक पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात, हा त्याचा थोरला भाऊ समजा. सध्या त्याची दुसरी आवृत्ती चालते. खेळ फुकट आहे. पैसा आहे तो बंदुकीच्या रंगात. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीनं बंदुकांवर चढवायचे रंग आणले, त्यांना 'स्किन' म्हणतात. रंगानं गोळी जोरात लागत नाही, नेम सुधारत नाही, काहीच होत नाही. बंदूक तीच, फक्त दिसायला वेगळी. तुमच्या घरातला फ्रीज आणि त्यावरचं स्टिकर, एवढाच फरक. पण हे स्टिकर विकता येतं.

आणि ते साधं विकता येत नाही, हे मला त्या खोलीत दोन तास बसल्यावर कळलं. प्रत्येक रंगाला एक आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला. 'फ्लोट' म्हणतात त्याला. रंग किती झिजलाय याचं ते माप. ०.०७ च्या खाली असेल तर कोरा करकरीत, ०.१५ पर्यंत जरासा वापरलेला, ०.३८ पर्यंत बऱ्यापैकी वापरलेला, ०.४५ च्या पुढे म्हणजे पार खरवडलेला. हा आकडा जन्माला येताना ठरतो आणि कितीही खेळलात तरी बदलत नाही. म्हणजे झीज असते, पण झिजत नाही. मी त्याला म्हटलं, हे आपल्या तहसीलच्या रस्त्यांसारखं आहे, पहिल्या दिवसापासून जुने. पोरगा तेवढं हसला.

झालं एवढ्यावर? नाही. काही रंग असे असतात की त्यात नक्षीचा तुकडा कुठून कापला गेला, त्यावर किंमत ठरते. 'केस हार्डन्ड' नावाचा एक रंग आहे, तापवून विझवलेल्या लोखंडावर चढतो तसा, निळा, जांभळा, पिवळट. एके-४७ वर हाच रंग असताना कुणाला सगळा पिवळा मिळतो, तर कुणाला वरचा सगळा भाग निळाशार. नक्षीच्या क्रमांकांत ६६१ हा क्रमांक निळ्यासाठी सगळ्या जगात नावाजलेला. तसली बंदूक लाखो रुपयांना जाते, आणि शेजारचा क्रमांक साध्या भावात. आपल्याकडे पैठणीचा पदर बघतात ना, तशी ही पोरं नळीवरचा निळा डाग बघतात. स्पर्धेच्या सामन्यात पडलेल्या बंदुकीवर खेळाडूची सोनेरी सही असेल तर भाव आणखी वेगळा. जानेवारी २०१८ मध्ये 'ड्रॅगन लोअर' नावाची तसली एक बंदूक सुमारे ६१ हजार डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या भावानं जवळपास एकोणचाळीस लाख रुपये. बंदुकीचे नाहीत हो, बंदुकीच्या चित्राचे.

आता जुळवणीकडे येतो, कारण भाचा त्यातच अडकला होता.

खेळताना पडद्यावर आपल्याला आपलेच हात दिसतात. हातात चाकू, हातावर मोजे. त्यामुळे खरी हौस चाकू आणि मोज्यांचा रंग जुळवण्यात. मग त्या रंगाला जुळणारी पिस्तुलं, मग रायफल. भाच्यानं निळा रंग धरला होता. दोन वर्षं तो एकेक वस्तू गोळा करत होता. स्वस्तातलं निळं पिस्तूल अडीचशे रुपयांना, मग ते विकून जरा बरं, मग ते विकून आणखी बरं. फोटोच्या कामातून आलेले हजार-बाराशे त्यात जायचे. एका वहीत लिहून ठेवलेलं, तारीख, किंमत, फ्लोटचा आकडा. मी ती वही पाहिली. आमच्या दुकानदार मंडळींनी जीएसटीचा हिशोब इतका नीट ठेवला असता तर अर्ध्या भानगडी मिटल्या असत्या.

खरं सांगतो, ती वही बघताना मला राग येईना. शाळेत असताना मी काड्यापेट्यांची चित्रं जमवायचो. रस्त्यावर, सलूनमागे, एसटी स्टँडच्या मुतारीपाशीसुद्धा शोधत फिरायचो. एकाच चित्राच्या दोन रंगछटा सापडल्या तर रात्री झोप यायची नाही. एकदा एका चित्रासाठी मी वडिलांनी दिलेलं कंपासपेटीतलं कर्कटक देऊन टाकलं होतं आणि हरवलं म्हणून सांगितलं होतं. तर जमवणाऱ्याला नावं ठेवायचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न मला तिथंच पडला.

पण काड्यापेटीच्या चित्राला रोज सकाळी भाव निघत नव्हता.

चाकू खेळात मिळतो तो पेटीतून. पेटी स्वस्त, कधीकधी खेळता खेळता फुकटही मिळते, पण ती उघडायला किल्ली लागते आणि किल्लीला अडीच डॉलर. आपले दोनशे-सव्वादोनशे रुपये. किल्ली फिरवली की पडद्यावर बंदुकांची पट्टी भर्रकन सरकते, हळू होते, थांबते. चाकूच्या अगदी शेजारी थांबते बऱ्याचदा. जत्रेतलं चक्र पाहिलंय ना, तेच. चीनमध्ये असल्या पेट्यांच्या शक्यता जाहीर करायचा नियम झाला म्हणून २०१७ मध्ये तिथल्या चालकानं हे आकडे दिले. शंभरातल्या जवळपास ऐंशी वेळा सगळ्यात हलका निळा माल. चाकू किंवा मोजे मिळायची शक्यता ०.२६ टक्के. म्हणजे ३८५ पेट्यांमागे एक. नुसत्या किल्ल्यांचा हिशोब ऐंशी-पंच्याऐंशी हजार होतो, आणि एवढं करून मिळालेला चाकू दहा हजारांचाही निघू शकतो.

भाचा म्हणाला, "मी पेट्या उघडत नाही मामा. येडे उघडतात. मी विकत घेतो." हे त्यानं अशा तोऱ्यात सांगितलं, जसं आपल्याकडे मटका न लावणारा माणूस भिशीबद्दल सांगतो.

ज्यांना वाटतं हा सगळा पोरखेळ आहे, त्यांच्यासाठी. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या जुगार आयोगानं अशा पेट्यांना जुगार ठरवलं, आणि तिथं पेट्या उघडणं बंद झालं. फ्रान्समध्ये कंपनीनं २०१९ मध्ये एक युक्ती काढली, पैसे द्यायच्या आधी पेटीत काय आहे ते दाखवायचं. फक्त मग ते घेतल्याशिवाय पुढची पेटी बघता येत नाही. आपल्याकडे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली. चर्चा झाली ती रमीची आणि फँटसी क्रिकेटची. त्याच्या आदल्या महिन्यात विधिमंडळातल्या रमीच्या व्हिडिओवरून राज्यात केवढा गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मी स्वतः त्यावर चार बातम्या केल्या. या पेट्यांबद्दल, या रंगांच्या बाजाराबद्दल आमच्या जिल्ह्यात मी एक ओळ लिहिलेली नव्हती. मला ते माहीतच नव्हतं. आणि ज्या पेपरात मी रमीवर लिहीत होतो, त्याच पेपरात वर्षभर आधी पहिल्या पानावर रमीच्या जाहिराती होत्या, हेही सांगून टाकतो. त्यातून आलेल्या पैशातच आमचा पगार होता.

तर २२ तारखेला अमेरिकेत संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे भाऊबिजेच्या पहाटे, कंपनीनं खेळात एक बदल केला. आधी पाच 'लाल' बंदुका, म्हणजे चाकूच्या खालच्या पायरीचा माल, कुणाकडे असेल तर त्याचं पुढं काही करता येत नव्हतं. आता पाच लाल दिले की एक चाकू किंवा मोजे बनवून मिळू लागले. चाकू दुर्मिळ होता म्हणून महाग होता. एका रात्रीत तो बनवता येऊ लागला. चाकूंचे, मोज्यांचे भाव कोसळले आणि लाल बंदुका गगनाला भिडल्या. जगभरात मिळून या वस्तूंची किंमत दीड-दोन अब्ज डॉलरनं उतरली, असं त्या आठवड्यात बातम्यांत होतं. ना मोर्चा, ना निवेदन, ना सुनावणी. आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद होते तेव्हा निदान अधिसूचना तरी निघते.

भाच्याचा चाकू ३१ हजारांचा, 'डॉप्लर' म्हणतात त्या रंगाचा. सकाळी त्याला १७ हजारांचं गिऱ्हाईक होतं. मोजे घेतले होते २४ हजारांना, धनत्रयोदशीला. ताईनं त्या दिवशी एक ग्रॅमचं सोन्याचं नाणं घेतलं होतं आणि यानं हातमोजे. विकत घेतलेली वस्तू सात दिवस पुढं विकता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे मोज्यांचा भाव घसरताना नुसता बघत बसायचा. आणि गंमत ऐका. त्याच्याकडे दहा लाल बंदुका होत्या, स्वस्तातल्या, सहाशे-सातशेच्या. त्या त्यानं मोज्यांसाठी पैसे जमवताना दिवाळीआधी विकून टाकल्या. का? तर निळ्याशी रंग जुळत नव्हता म्हणून. त्यातल्या काहींचा भाव त्या सकाळी चौपट झाला होता.

इथपर्यंत मी पत्रकार म्हणून ऐकत होतो. मनात मथळासुद्धा तयार होता. मग त्यानं मान खाली घालून सांगितलं, "मामा, त्यातले तीस हजार आईचे आहेत."

दुसऱ्या हप्त्याची फी आणि मेसचे पैसे. ताईनं ऑगस्टपासून ब्लाउजामागे ब्लाउज शिवून जमवलेले. सोयाबीन गेल्यावर घरात तेवढीच रोकड होती. यानं 'फी भरली' म्हणून सांगितलं आणि मोजे घेतले. त्याचा हिशोब असा, की दिवाळीनंतर हिवाळी सेलच्या आधी भाव चढतात, चाकू-मोज्यांची जोडी जुळलेली असली की गिऱ्हाईक जास्त देतं, विकून फी भरायची, वर दहा हजार सुटतील ते आईलाच द्यायचे. मुदत होती १५ नोव्हेंबर.

बाहेरून ताईनं हाक मारली, "या रे दोघं, पाट मांडलाय."

मी त्याला एवढंच म्हणालो, "तू सांगतोस का मी सांगू?" खरं तर माझ्या मनात तिसरंच होतं. गुपचूप तीस हजार मी द्यावेत, ताईला कळूच देऊ नये. पण माझ्या खात्यात त्या दिवशी अकरा हजार होते. तालुका प्रतिनिधीचं मानधन किती असतं ते आमच्या लाइनीतल्यांना विचारा.

ओवाळून झालं. मी ताटात पाचशेची नोट टाकली. आणि पोरगं तिथंच, पाटाशेजारी उभं राहून बोललं. सगळं. तीस हजाराचा आकडासुद्धा गिळला नाही.

दाजी उठून बाहेर गेले. काहीच बोलले नाहीत. दाजी रागावले की रानात जातात, आणि यंदा रानात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी गेले. ताई मशीनच्या स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल किंवा हात उगारेल. ती बराच वेळ निरांजनाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "दाखव तरी काय घेतलंस ते."

त्यानं लॅपटॉप आणला. चाकू गोल फिरवून दाखवला, निळा-जांभळा, उजेडात चमकणारा. मग मोजे. ताईनं चष्मा लावला. माझ्या बहिणीनं तीस वर्षं साडीचा काठ आणि ब्लाउजपीस उन्हात धरून रंग जुळवलेत, मॅचिंग सेंटरवाला तिच्याकडे खात्रीसाठी पोरगा पाठवतो. तिनं दोन्ही नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे जुळत नाही. चाकू जांभळ्याकडे झुकलाय, मोजे हिरवट निळे आहेत. दिव्याच्या उजेडात घेतलेस काय?"

पोरगं रडायला लागलं. मी दाजींना शोधायला बाहेर पडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. चाकू दोन आठवडे धरून ठेवावा, भाव सुधारेल, असं भाच्याचं म्हणणं. दाजींचं म्हणणं, आजच्या आज मोडून टाक. या एका मुद्द्यावर बाप-लेकांत जे झालं ते मी दरवर्षी तुरीच्या भावावरून घरोघरी ऐकतो, फक्त इथं बाप विकायला सांगत होता आणि पोरगा थांबायला. मी मध्ये पडलो नाही. मलाही भाव कळत नाही. आपलं सोनंही त्याच आठवड्यात विक्रमी भावावरून खाली आलं होतं, आणि ताईचं नाणं तेव्हा अजून डबीतच होतं.

शेवटी चाकू विकला १८ हजारांना, मोजे मोकळे झाल्यावर १३ हजारांना. बाहेरच्या एका बाजारात, कारण खेळाच्या अधिकृत बाजारात विकलं तर पंधरा टक्के कापून घेतात आणि उरलेला पैसा तिथल्याच पाकिटात राहतो, बँकेत येत नाही. हे अनेक पालकांना माहीत नाही. 'लाखाची इन्व्हेंटरी आहे' असं पोरगं सांगतं तेव्हा त्यातला रुपयासुद्धा त्या मार्गानं घरात येत नसतो. आणि बाहेरचा बाजार म्हणजे आपली जबाबदारी. भाच्याच्याच वर्गातल्या एका पोराला मित्राच्या नावानं मेसेज आला होता, 'आमच्या टीमला मत दे'. लिंक उघडली, खेळाचा पासवर्ड टाकला, अर्ध्या तासात वीस हजारांचा माल गायब. मित्राचं खातंही आधीच कुणीतरी हडपलेलं होतं. त्या पोराबरोबर मी तक्रार द्यायला गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "चोरीला काय गेलं?" पोरगं म्हणालं, "बंदुका." पुढची दहा मिनिटं काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. अखेर 'डिजिटल वस्तू, किंमत रुपये वीस हजार' असं लिहून घेतलं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, ठाण्यात जायची वाट बघू नका.

फी १२ नोव्हेंबरला भरली. पावती ताईनं स्वतः मागून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवली. मेसचे पैसे भाचा आता फोटोच्या कामातून भरतोय. खेळ सोडलाय का? नाही. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. अडीचशेचं पहिलं पिस्तूल त्यानं पुन्हा विकत घेतलंय, आता साडेतीनशेला मिळालं.

आमच्या संपादकांनी 'गेमच्या नादात आईची कमाई उडवली' असं चार कॉलमचं मागितलं होतं, फोटोसकट. मी दिलं नाही. हे इथं लिहिलंय ते ताईला आणि भाच्याला वाचून दाखवून, त्यांना विचारून. ताईनं एकच दुरुस्ती सांगितली. मी आधी 'दोन महिने शिवून' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "ऑगस्टपासून लिही. राखीच्या ब्लाउजांपासूनचे होते ते."